पावसाळ्यासाठी मासळी भरताना: बंदरावरून घरच्या फ्रीझरपर्यंत

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ, वर समुद्र खवळलेला. बंदी हवीच, आणि ती पाळली जायला हवी. पण ज्या घरात मासळीशिवाय भात घशाखाली उतरत नाही, तिथे मे संपत आला की धावपळ सुरू होते. शेवटच्या आठवड्यात बंदरावर पाय ठेवायला जागा नसते. चाकरमानी आलेले असतात, पर्यटक असतात, भाव चढलेले असतात आणि त्या गर्दीत लोक वीस-पंचवीस किलो मासळी एकदम उचलून आणतात आणि त्याच रात्री फ्रीझरमध्ये कोंबतात. जुलैत तीच सुरमई तव्यावर टाकली की पाणी सोडते, चावताना चोथा लागते, बांगड्याला खवट वास येतो. मग ‘फ्रीझरची मासळी बेचवच’ असं ठरून जातं.

माझं म्हणणं वेगळं आहे. नीट भरलेली मासळी जुलैतही चांगली लागते, आणि ती बिघडते ती बहुतेक वेळा फ्रीझरमध्ये जाण्याआधीच. त्यामुळे हे काम मेच्या शेवटच्या आठवड्याचं नाही, मार्चच्या मध्यापासून करायचं आहे. थोडी थोडी भरायची. कमी तेलाची मासळी आधी घ्यायची, तेलकट शेवटी, आणि खाताना बरोबर उलटा क्रम लावायचा. खाली जे काही सांगितलं आहे ते या एका गोष्टीच्या आधाराने आहे.

आधी हिशेब

किती मासळी लागेल हे अंदाजाने ठरवलं की ती दुप्पट घेतली जाते. कागद घ्या. दोन महिने म्हणजे सुमारे नऊ आठवडे. त्यातून घरातले शिवराक (शाकाहारी) वार वगळा: कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, शिवाय संकष्टी, आषाढी एकादशी. पावसात एक-दोन दिवस सुकी मासळी होतेच. सुकटीचं किसमूर, सुक्या बोंबलाचं कालवण, सोड्यांची खिचडी नाही असा पावसाळा कोकणातल्या घरात जात नाही. मधूनच खाडीची ताजी मासळी मिळते, पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून येणारे चढणीचे मासे मिळतात. हे सगळं वजा करून आठवड्याला दोन जेवणं फ्रीझरमधल्या मासळीची धरली तर झाली अठरा. पाहुण्यांची दोन धरा, वीस.

चार माणसांच्या घराला एका जेवणाला साफ केलेली ६०० ग्रॅम मासळी पुरते. वीस जेवणांना १२ किलो. एवढंच. लोक चाळीस किलोच्या तयारीने डीप फ्रीझर विकत घेतात, आणि ऑगस्टमध्ये निम्मी मासळी मांजरांना जाते. ज्या घरात दहा-बारा माणसं जेवतात किंवा दोन भावांची कुटुंबं मिळून भरतात त्यांना डीप फ्रीझर हवाच; पण आधी हिशेब, मग खरेदी.

१२ किलो ही साफ केलेली मासळी. बंदरावर आपण पैसे देतो ते अख्ख्या मासळीचे, आणि इथे प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा. सुरमईचं डोकं, शेपूट, आतडी गेली की साधारण ७० टक्के तुकड्या हाती येतात (डोकं सारासाठी उरतं, तो नफा वेगळा). पापलेट अख्खं ठेवून नुसतं पोट साफ केलं तर ८० टक्क्यांच्या आसपास उरतं. बांगड्याचं डोकं काढलं की ६० ते ६५. कोळंबी सोलली की निम्मी. आता समजा सुरमई ८०० रुपये किलो आहे आणि कोळंबी ५०० रुपये. वरवर कोळंबी स्वस्त दिसते. पण साफ केल्यावर सुरमई पडली सुमारे ११४० रुपये किलो आणि कोळंबी १००० रुपये. फरक बराच कमी झाला. कुठलीही मोठी खरेदी करण्यापूर्वी हा भागाकार करून बघावा. घासाघीस कुठे करायची ते लगेच कळतं. एकूण १२ किलो साफ मासळीला अख्खी १७-१८ किलो घ्यावी लागते.

आपला फ्रीझर काय करू शकतो

मासळी महिनोन्‌महिने टिकवायची तर तापमान उणे १८ अंश किंवा त्याखाली हवं. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तिथवर पोचत नाही. त्यात आठवडाभराची मासळी ठेवावी, पावसाळ्याची नव्हे. दोन दारांच्या फ्रिजचा वरचा स्वतंत्र फ्रीझर आणि वरून उघडणारा पेटीसारखा डीप फ्रीझर, हे दोन्ही चालतात. पेटीचा एक मोठा फायदा असा की झाकण उघडल्यावर थंड हवा खाली बसून राहते, दाराच्या फ्रीझरमधून ती पायावर ओतली जाते. फ्रीझरमध्ये ठेवायचा साधा तापमापक दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो आधी घ्या, दोन दिवस आत ठेवून बघा, मग मासळीचं ठरवा.

बारा किलो मासळी सपाट पाकिटांत भरली तर ३५ लिटरच्या आसपास जागा घेते. म्हणजे ६० लिटरच्या फ्रीझरमध्येही जागा उरते. अडचण जागेची नसतेच. अडचण असते ती एका दिवसात किती गोठवता येतं याची, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही.

मासळीच्या अंगातलं बहुतेक पाणी शून्य ते उणे ५ अंश या पट्ट्यात गोठतं. हा पट्टा मासळीने पटकन ओलांडला तर बर्फाचे कण बारीक होतात. रेंगाळली तर कण मोठे होतात, मांसाचे धागे आतून फाडतात, आणि मासळी वितळली की त्या फाटलेल्या जागेतून तिचा सगळा रस ताटात येतो. चोथा लागते ती यामुळे. आता घरगुती फ्रीझर हा थंडी टिकवण्यासाठी बनवलेला असतो. एकदम दहा किलो कोमट मासळी त्यात गेली तर त्याला ती गोठवायला दीड-दोन दिवस लागतात, आणि आधीची गोठलेली मासळीही त्या गरमीने नरम पडते. १०० लिटरला चोवीस तासांत ४ किलो, हे प्रमाण धरावं. ६० लिटरच्या फ्रीझरला अडीच किलो. म्हणजे १२ किलो भरायला पाच खेपा. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत दर दीड-दोन आठवड्यांनी एक खेप, निवांत होतं.

कुठली मासळी कधी

उणे १८ अंशांतही मासळीचं तेल हळूहळू खवट होतच राहतं. म्हणून जितकी मासळी तेलकट तितका तिचा मुक्काम कमी. बांगडा, तारली यांचे दोन महिने, फार तर तीन. पापलेट, सुरमई, रावस यांचे चार. कोळंबी, माकूल (स्क्विड), घोळ यांना पाच-सहा महिनेही काही होत नाही, पाकीट नीट असेल तर.

यावरून खरेदीचा क्रम आपोआप लागतो. पहिल्या दोन खेपा कोळंबी आणि माकूल यांच्या. माकूल हा फ्रीझरचा सगळ्यात गुणी पाहुणा: गोठवल्याने तो उलट थोडा मऊ पडतो, तव्यावर रबरासारखा होत नाही. एप्रिलमध्ये सुरमई. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला पापलेट. बांगडा अगदी शेवटी, मेच्या मध्याला, आणि तोही चांगला मिळाला तरच. बांगड्याचा खरा भर पावसाळा संपल्यावर असतो, तेव्हा ताजा खावा. फ्रीझरमध्ये दोन-तीन जेवणांपुरताच ठेवावा.

काही मासळी फ्रीझरमध्ये घालूच नये. ओला बोंबील पाण्यानेच भरलेला, वितळला की त्याचा लगदा होतो. त्याची जागा दोरीवर आहे, उन्हात. तिसऱ्या आणि कालवं कच्ची गोठवू नयेत. उकडून, शिंपल्यातून काढून, त्यांच्याच पाण्यात गोठवली तर चालतात. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या मांसात युरिया असतो, जरा शिळी झाली की अमोनियाचा वास मारते. अगदी ताजी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

पापलेट घेताना एक विनंती. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, आणि त्याच सुमारास राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तरीही तळहाताहून लहान पापलेटांचे ढीग बाजारात दिसतात. एकदाही वीण न झालेली ही पिल्लं आहेत. स्वस्त मिळतात म्हणून दोन-चार किलो भरून ठेवण्याचा मोह होतो. घेऊ नका. त्यांच्यात मांसही नसतं, काटेच जास्त.

बंदरावर

हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावरच लिलाव भरतो, रत्नागिरीला मिरकरवाडा आहे, खाली देवगड, मालवण, वेंगुर्ला. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतः बोली लावायला जाऊ नये. लिलावात मासळी बहुधा ढिगाने किंवा टपाने जाते, काट्यावर नाही. टपात वर काय आहे आणि खाली काय आहे, वजन किती भरेल, हे डोळ्यांनी ओळखायला वर्षं जातात. शिवाय आपल्याला एका वेळी तीन-चार किलो हवी असते, टपभर नको. त्यापेक्षा एक मासेवाली मावशी धरून ठेवावी. नेहमी तिच्याकडूनच घ्यावं, आदल्या दिवशी फोन करून काय हवं ते सांगावं, आणि ‘फ्रीझरसाठी हवी’ हे स्पष्ट सांगावं. चांगली मावशी मग ‘आज नको, आज माल जुना आसा’ असंही सांगते. त्या एका वाक्यासाठी किलोमागे वीस-तीस रुपये जास्त द्यायला माझी कधीच हरकत नसते.

विचारायचं काय, तेही महत्त्वाचं. ‘बर्फातली आहे का?’ या प्रश्नाला अर्थ नाही.

“मावशे, सुरमय बर्फातली मां?”

“बर्फाशिवाय ट्रॉलर खंय जाता गो?”

खरंच आहे ते. बर्फ हा मासळीचा दोष नव्हे, तिचं रक्षण आहे. विचारायचं ते ‘किती दिवसांची?’ हे. मोठे ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात राहतात. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेली मासळी आणि काल आलेली मासळी एकाच खणातून बाहेर येते. लहान होडी सकाळी जाऊन दुपारी परत येते. आणि रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मासळी किनाऱ्यावर ओढली जाते तेव्हा ती तडफडत असते. फ्रीझरसाठी होडीची किंवा रापणीची मिळाली तर तीच घ्यावी. ट्रॉलरची घ्यायची तर निवडून.

निवडताना मी आधी गालफडं उघडून बघते. आत लालभडक किंवा गुलाबी, आणि वरचा बुळबुळीतपणा पारदर्शक हवा. तपकिरी रंग आणि चिकट, गढूळ बुळबुळ असेल तर ती मासळी आजच्या कालवणालाही नको. डोळा फुगीर आणि लखलखीत असावा, खळगा पडलेला नसावा. बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून यावा. पोट घट्ट. पापलेटाच्या गालफडापाशी दाबलं की दुधासारखं पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर जुनं, ही आपल्याकडची जुनी परीक्षा आहे. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं आणि डोक्याशी, पायांशी काळे डाग नकोत.

सगळ्यात सावध राहायचं ते आधीच एकदा गोठवून वितळवलेल्या मासळीपासून. बाहेरून गाडीने आलेली सुरमई ताज्या ढिगाच्या शेजारीच मांडलेली असते. तिचा डोळा पांढुरका आणि बसलेला असतो, गालफडं फिकट धुतल्यासारखी, अंग ढिलं, आणि तिच्याखाली ताटलीत गुलाबी पाणी साचलेलं. ती त्या दिवशी खाण्यापुरती चालून जाईल. दुसऱ्यांदा गोठवली की जुलैत तिच्यात खाण्यासारखं काही उरत नाही.

बंदर ते घर

एप्रिल-मेच्या उन्हात हा टप्पा सगळ्यात धोक्याचा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली मासळी गाडीच्या डिकीत तासभर राहिली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. बांगडा, तारली, कुपा या मासळीत तर आणखी एक भानगड आहे. त्या कोमट राहिल्या की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टॅमिन नावाचं द्रव्य तयार करतात. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टॅमिन गोठवून जात नाही आणि तळूनही जात नाही.

थर्माकोलचा डबा न्यावा. बंदरावर बर्फाचा चुरा मिळतोच. जितकी मासळी तितकाच बर्फ, वजनाने. तळाला बर्फाचा थर, वर मासळी, पुन्हा बर्फ, आणि सगळ्यात वर बर्फ. डब्याला खाली एक भोक पाडून बूच लावावं, म्हणजे वितळलेलं पाणी काढून टाकता येतं. मासळी बर्फात असावी, पाण्यात डुंबत नसावी. साफ करून घ्यायची असेल तर तिथल्याच बायकांकडून आडाळ्यावर (विळीवर) करून घ्या, पण बर्फातून काढली आणि लगेच कापून परत बर्फात घातली, एवढ्याच वेळात. रांग मोठी असेल तर घरी येऊन करा.

साफ करणं

गालफडं आणि आतडी पूर्ण काढायची. पोटाच्या आत पाठीच्या काट्याला लागून रक्ताची काळपट रेघ असते, ती नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढावी. तीच राहिली की आधी वास मारते. सुरमईच्या तुकड्या चांगल्या बोटभर जाड ठेवाव्यात. पातळ तुकडी फ्रीझरमध्ये सुकते, आणि तळताना मोडते. डोकं वेगळ्या पाकिटात, त्यावर तारीख, आणि महिन्याभरात सार करून संपवायचं.

पापलेट अख्खं ठेवावं, चिरा पाडू नयेत. चीर म्हणजे हवेला आत शिरायला आणखी एक वाट. चिरा तळायच्या दिवशी पाडायच्या. कोळंबीचं डोकं काढावं कारण बिघाड तिथून सुरू होतो, पण कवच ठेवावं. तो तिचा अंगरखा आहे. काळा दोरा नंतर काढता येतो.

मग थंड पाण्याने एकदा धुवायची, पाण्यात भिजत ठेवायची नाही, आणि स्वच्छ सुती फडक्याने कोरडी करायची. अगदी कोरडी. वरचं पाणी बर्फाचे काटे होऊन पाकिटात साठतं.

मीठ-हळद लावून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ताज्या मासळीला ती योग्यच, त्याच दिवशी करायची असेल तर. फ्रीझरसाठी मीठ लावू नये, कारण मिठाने मासळीचं तेल लवकर खवट होतं. आगळ, कोकम, लिंबूही नको. आंबटाने वरचं मांस आधीच शिजल्यासारखं पांढरं आणि कोरडं पडतं. मसाला वितळल्यानंतर, तव्यावर टाकायच्या आधी अर्धा तास.

गोठवणं आणि पाकिटं

आदल्या दिवशीच फ्रीझर सगळ्यात थंड आकड्यावर आणून ठेवा. साफ केलेली मासळी दोन-तीन तास फ्रिजच्या खालच्या भागात, बर्फावर ठेवलेल्या पातेल्यात गार होऊ द्या. मग स्टीलची परात किंवा ताट घ्या, त्यावर प्लास्टिकचा कागद पसरा आणि तुकड्या एकमेकींना न चिकटतील अशा एका थरात मांडा. ताट फ्रीझरच्या तळाला टेकलेलं हवं. स्टीलमधून थंडी भराभर जाते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तुकड्या खडखडीत झालेल्या असतात.

आता जो टप्पा बहुतेक जण गाळतात तो. एका पातेल्यात पाणी आणि भरपूर बर्फ घ्या. खडखडीत तुकडी त्यात दोन-तीन सेकंद बुडवून लगेच बाहेर काढा. डोळ्यांदेखत तिच्यावर काचेसारखं पातळ बर्फाचं कवच धरतं. ताट परत तासभर फ्रीझरमध्ये, आणि पुन्हा एकदा बुडवणं. या कवचामुळे हवा मासळीपर्यंत पोचत नाही. फ्रीझरची कोरडी हवा मासळीच्या अंगातलं पाणी ओढून घेते आणि तिथे पांढरे, भुसभुशीत चट्टे पडतात. आधी कवचातलं पाणी जाईल, मासळीचं नाही. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तर हे जरूर करावं, कारण तिथे हवा सतत फिरत असते.

कोळंबी आणि माकूल यांना आणखी सोपा उपाय: एका जेवणाचा माल डब्यात घाला, वर बुडेल इतकं गार पाणी ओता आणि विटेसारखी गोठवा. वीट डब्यातून काढून पाकिटात.

पाकीट जाड हवं. बाजाराची पातळ पिशवी हवा आत घेते, ती दुहेरी केली तरी भागत नाही. झिप असलेल्या जाड पिशव्या आणा. हवा काढायला पंप लागत नाही: पिशवीत मासळी घाला, झिप एका टोकाला बोटभर उघडी ठेवा आणि पिशवी हळूहळू पाण्याच्या बादलीत उतरवा. पाणी चहूबाजूंनी दाबतं, हवा वरून निघून जाते, झिप पाण्याच्या कडेशी आली की बंद करा. हवा ओढणारं सीलिंगचं यंत्र घरी असेल तर उत्तमच. मात्र त्या पाकिटातली मासळी वितळायला ठेवताना पाकीट आधी कापून उघडलंच पाहिजे. हवाबंद पाकिटात, फ्रीझरच्या बाहेर, बोट्युलिझमचा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष जिवावर बेततं.

एका पाकिटात एका जेवणाचीच मासळी, पाकीट सपाट. नाव, तारीख आणि वजन पिशवी कोरडी असतानाच मार्करने लिहा. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा, आत गेलेलं पाकीट लिहा, बाहेर काढलं की खोडा. जुलैत दार उघडं ठेवून शोधाशोध करावी लागत नाही.

खाताना

जूनमध्ये आधी बांगडा आणि तारली संपवा, सुरमईचं डोकंही. मग पापलेट, सुरमई. जुलैसाठी कोळंबी, माकूल, घोळ. मार्चमध्ये आधी आत गेलेली शेवटी बाहेर येते, हे विचित्र वाटलं तरी तेल हेच इथे घड्याळ आहे.

वितळवायला रात्री पाकीट खालच्या भागात ठेवा, मासळी चाळणीत आणि चाळणी पातेल्यावर, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जातं. घाई असेल तर झिपचं बंद पाकीट (सीलिंग यंत्राचं नव्हे) गार पाण्यात बुडवून, अर्ध्या तासाने पाणी बदलून, तासाभरात. पण मग लगेच शिजवायची. ओट्यावर सकाळपासून ठेवणं आणि गरम पाणी ओतणं, दोन्ही टाळा. कोळंबीची वीट नळाखाली सुटी करून सरळ उकळत्या तिखल्यात (तिखट कालवणात) गेली तरी चालते. सुरमईच्या तुकड्या मधोमध अजून किंचित कडक असतानाच मसाला लावा, तळताना मोडत नाहीत. कच्ची वितळलेली मासळी पुन्हा गोठवायची नाही. कालवण करून उरलं तर ते गोठवता येतं.

वीज गेली तर

कोकणात हा प्रश्न गृहीतच धरायचा असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. वादळ नसलं तरी पहिल्या पावसात झाड तारेवर पडतं आणि दिवस जातो.

भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास मासळी गोठलेली ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवा (पाणी तीन चतुर्थांशच भरा, नाहीतर बाटली फुटते). वीज गेली की दार बंद, वर जाड गोधडी, मागची जाळी मात्र मोकळी. एका वाटीत बर्फ गोठवून त्यावर नाणं ठेवा आणि ती वाटी कायम फ्रीझरमध्येच असू द्या. आपण गावाला गेलेलो असताना वीज गेली आणि परत आली, तरी नाणं वाटीच्या तळाशी दिसलं की सगळं वितळून पुन्हा गोठलंय हे कळतं. तसं झालं असेल तर ती मासळी, विशेषतः बांगडा, टाकून द्यायची. चव घेऊन बघायची नाही.

दुसरा दिवस उजाडला आणि वीज यायचं चिन्ह नाही, तर दार एकदा उघडून हात लावून बघा. अजून बर्फ जाणवतोय, मासळी गार आहे, तर तेव्हाच सगळी शिजवायला काढा. सुरमई-पापलेट तळून शेजारीपाजारी वाटा. कोळंबी सोलून, मीठ-हळद लावून, तेलात कोरडी होईपर्यंत परता आणि व्हिनेगर व मसाला घालून लोणचं करा. वीज आल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवा, वीज नसेल तर दोन दिवसांत संपवा.

३१ जुलैला बंदी उठते, तरी समुद्र शांत नसेल तर पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच होड्या लोटतात. तोवर अनेक घरांत श्रावण लागलेला असतो. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात दारावरचा कागद बघून उरलेली पाकिटं काढा आणि संपवा. मग फ्रीझर बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या, सोड्याच्या पाण्याने पुसा, दार दिवसभर उघडं ठेवून वाळवा, आणि दाराच्या रबराला कुठे चीर गेली आहे का ते तेव्हाच बघून बदलून घ्या.